सामाईक कॉम्प्युटर लॅबमधलं मॅटलॅब: मशीन चांगली, परवान्यांची मारामार
मशीन दणकट, स्क्रीन मोठा. तिथं तक्रार नाही. घोडं अडतं ते मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरच्या परवान्यावर. नेटवर्क परवाना एका वेळी ठरावीक जणांनाच मिळतो, त्यामुळे सबमिशनच्या आठवड्यात मॅटलॅब ‘एरर -४’ दाखवून दारातूनच परत पाठवतं. टूलबॉक्सचे (खास कामांसाठीच्या जोड-पॅकेजांचे) परवाने वेगळे. त्यातलं एखादं फंक्शन एकदा चालवलं, की तो परवाना मॅटलॅब बंद करेपर्यंत अडकून राहतो. म्हणजे स्क्रीन लॉक करून तासभर गायब होणारे (असतातच) बाकीच्यांचा खोळंबा करतात. साध्या मॅट्रिक्सच्या गणिताला ऑक्टेव्ह हे मॅटलॅबसारखंच मोफत सॉफ्टवेअर पुरतं. सिम्युलिंकची (मॅटलॅबच्या ब्लॉक जोडून सिम्युलेशन करायच्या साधनाची) मॉडेलं मात्र त्यात उघडत नाहीत. मशीनवर डीप फ्रीझ (रीस्टार्टला सगळं मूळ स्थितीत आणणारं सॉफ्टवेअर) असेल तर डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल रीस्टार्ट होताच साफ, तेव्हा काम थेट नेटवर्क ड्राइव्हवर सेव्ह करा.