बाबांच्या पायाची जखम आणि घरी येणाऱ्या सिस्टर: सात महिन्यांनंतर

सात महिन्यांपूर्वी बाबांच्या उजव्या पायाची करंगळी काढावी लागली. मधुमेह २२ वर्षांचा, पाय बधिर. बुटात खडा गेलेला दोन दिवस कळलंच नाही आणि पुढचं सगळं भराभर होत गेलं. पू पुन्हा आत साचू नये म्हणून सर्जननी जखम टाके न घालता उघडीच ठेवली होती, ती तळापासून भरून यायला हवी होती. घरी रोज ड्रेसिंग, दिवसातून चार वेळा इन्सुलिन आणि त्या पायावर अजिबात भार नाही. एकटीला हे झेपणार नव्हतं, म्हणून एका संस्थेमार्फत नर्स ठेवली. पहिले सहा आठवडे रोज, मग दिवसाआड, आता पंधरवड्यातून एकदा. अशी सेवा घ्यावी का, असं मला बरेच जण विचारतात, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय.

ड्रेसिंग करायला महिनाभरात मीही शिकले. पण सिस्टर जखमेकडे ज्या नजरेने बघायच्या, ती नजर यायला मला फार वेळ लागला. पहिल्याच दिवशी त्यांनी कागदी पट्टी लावून जखमेची लांबी-रुंदी मोजली, निर्जंतुक काडीने खोली घेतली आणि वहीत लिहिलं: ५.२, ३.१, १.४ सेंटीमीटर. शेजारी तळाचा रंग, स्राव किती, वास आहे का, कडा कशा. दर आठवड्याला त्याच कोनातून फोटो. मला रोज जखम तशीच दिसायची आणि मी रोज खचायचे. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली. खोली ०.९ झाली होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट झोपले.

१९व्या दिवसाबद्दल जास्त लिहायला हवं, कारण बाबांचा पाय त्या दिवशी वाचला असं मला मनापासून वाटतं. सकाळची उपाशीपोटीची शुगर १४०च्या आसपास असायची, ती २३२ आली. जेवण तेच, इन्सुलिन तेवढंच. ताप नाही, दुखणं नाही. बाबा म्हणाले, "मी अगदी बरा आहे." मशीन चुकलं असेल म्हणून मी सोडून दिलं असतं. सिस्टरांनी हात धुवायला लावून पुन्हा तपासली, आकडा तेवढाच. मग पट्टी उघडून बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. जखमेच्या वरच्या कडेला लाली होती. तिच्या सीमेवर त्यांनी पेनने रेघ मारली, वेळ लिहिली आणि संध्याकाळी मुद्दाम पुन्हा आल्या. लाली रेघेच्या बाहेर गेली होती, कडेपासून दोन सेंटीमीटरहून जास्त. तिथूनच सर्जनना फोन. दुसऱ्या दिवशी आत पुवाचा कप्पा सापडला, तो साफ झाला, अँटिबायोटिक बदललं. संसर्गात शुगर चढते, आणि पाय बधिर असला की दुखून इशारा मिळत नाही. अशा पायात आकडाच आधी बोलतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आता वेदनेबद्दल. बधिर पायाला दुखत नसेल असा माझा समज होता. ड्रेसिंगच्या वेळी बाबा खरंच शांत असायचे, रात्री मात्र दोन्ही तळवे भाजल्यासारखे व्हायचे आणि चादरीचा स्पर्शही सहन व्हायचा नाही. आम्हाला ते सांगत नव्हते. सिस्टर शून्य ते दहा आकडा विचारायच्या, आणि तिथे न थांबता पुढे विचारायच्या, "काका, कसं दुखतं? ठणकतं, टोचतं की आग होते?" आग होते हा शब्द बाबांनी त्यांच्यापाशी काढला. जखमेचं दुखणं वेगळं आणि नसांचं वेगळं, दोन्हींची औषधं वेगळी, हे डॉक्टरांपर्यंत त्यांच्या नोंदीमुळे पोहोचलं. नसांच्या दुखण्यावरचं प्रीगॅबालिन सुरू झालं, तेही क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, बघून कमी डोसने. पहिल्या आठवड्यात चक्कर येईल, रात्री उठताना कुणीतरी सोबत हवं, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. एकदा खरंच बाबांचा तोल गेला, पण मी शेजारी उभी होते.

त्याच सुमाराला उशाखाली आयब्युप्रोफेन या वेदनाशामक गोळीची जुनी पट्टी सापडली. बाबा रात्री स्वतःच घेत होते. सिस्टर रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि मधुमेहात आधीच थकलेल्या किडनीवर ही गोळी काय करते ते त्यांना समजावून सांगितलं. मी महिनाभर ओरडून जे झालं नसतं, ते दहा मिनिटांत झालं.

इन्सुलिन आम्ही इतकी वर्षं चुकीचं घेत होतो, हेही याच काळात कळलं. त्यांनी बाबांच्या पोटावरून बोटं फिरवली आणि माझा हात धरून तिथेच ठेवला. बेंबीच्या डावीकडे रबरासारखी घट्ट गाठ. वर्षानुवर्षं त्याच जागी सुई टोचल्याने चरबी तशी होते आणि त्या जागेतून इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त शोषलं जातं. शुगरच्या चढउताराचं एक मोठं कारण माझ्या बोटांखाली होतं. जागा बदलायची ठरली तेव्हा त्यांनी आधी डॉक्टरांना विचारलं, कारण चांगल्या जागेतून तोच डोस जास्त लागू पडतो आणि शुगर खाली घसरू शकते. डोस कमी करूनच बदल केला. सुई ४ मिलिमीटरची, दर वेळी नवी, बटण दाबल्यावर दहापर्यंत मोजूनच बाहेर काढायची. उघडलेल्या इन्सुलिन पेनवर तारीख, आमच्या इन्सुलिनला २८ दिवसांची मुदत.

तक्रारही लिहायलाच हवी. आमच्या सिस्टर रजेवर असल्या की संस्था बदली माणूस पाठवायची आणि त्याला रुग्णाची काहीच माहिती नसायची. एकदा आलेल्या ब्रदरनी जेवणाआधीचं इन्सुलिन दिलं आणि ते निघून गेले. बाबांना मळमळत होतं, जेवण तसंच राहिलं. पाऊण तासाने त्यांना दरदरून घाम, हाताला कंप, मला भलत्याच नावाने हाक. शुगर ५२. सिस्टरांनी शिकवलेलं कामी आलं: १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. ६१. परत १५ ग्रॅम. ९४ आल्यावर मी जमिनीवर बसून रडले. संस्थेने फोनवर माफी मागितली, पण पुढच्या बदलीच्या वेळी पुन्हा तोच प्रकार. शेवटी सिस्टरांनीच वहीच्या पहिल्या पानावर सगळं लिहून ठेवलं: औषधं, डोस, ताट समोर आल्याशिवाय जेवणाचं इन्सुलिन नाही, शुगर ७०च्या खाली गेली तर काय करायचं, कुणाला फोन करायचा. हे काम संस्थेचं होतं, आणि त्याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही.

वेळेच्या बाबतीतही संस्था कच्ची. तीनदा तासाहून जास्त उशीर झाला. वेदनेची गोळी ड्रेसिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते, तिचं गणित बिघडतं.

तरी कुणी विचारलं तर घ्या असंच सांगेन, विशेषतः पाय बधिर असेल तर. घेण्याआधी एवढं विचारा: रोज तीच व्यक्ती येणार का, आणि जखम मोजून लिहिणार का? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर दुसरीकडे बघा.

जखम साडेपाच महिन्यांनी बंद झाली. नवी कातडी अजून नाजूक आहे आणि एकदा जखम झालेल्या पायाला पुन्हा होण्याचा धोका मोठा असतो, म्हणून रोज रात्री बाबा स्वतः आरसा घेऊन तळवे बघतात आणि बूट घालण्याआधी आत हात फिरवतात. पुढच्या मंगळवारी सिस्टर येतील तेव्हा १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे स्पर्श कळतो का ते बघायच्या बारीक नायलॉनच्या तंतूने, दोन्ही तळव्यांची तपासणी आहे. नव्या बुटांचं माप त्यानंतर घ्यायचं ठरलंय.