आठ महिने साउंड मीटर वापरून: सप्रेसर खरंच किती आवाज खातो?

टेक्सासात राहतो. शनिवारी सकाळी रेंजवर पॉइंट टू-टूची (०.२२ इंची छोट्या गोळीची) बोल्ट ॲक्शन रायफल, म्हणजे दर बारानंतर हाताने खिट्टी ओढायची, चालवणं हा छंद. मागच्या वर्षी सप्रेसर घेतला, म्हणजे नळीच्या तोंडाला लावायची आवाज कमी करणारी नळकांडी. आपण त्याला सायलेन्सर म्हणतो, पण सिनेमातला तो 'फुस्स' डोक्यातून काढून टाका. तो किती आवाज खातो हे बघायला ६० डॉलरचं साउंड मीटर मागवलं.

पहिल्याच दिवशी नुसती रायफल १११ डेसिबल, सप्रेसर लावून ९३. ९३ म्हणजे आमच्या घरचा मिक्सर! मी शहाण्यासारखे इयरमफ काढून दोन मॅगझिन झाडल्या. संध्याकाळपर्यंत कानात बारीक शिट्टी वाजत होती. बायको म्हणाली, "मीटरला विचार, काय वाजतंय ते."

मीटर बिघडलेलं नव्हतं. ते 'फास्ट' या जलद सेटिंगवर ठेवलं तरी सुमारे १२५ मिलिसेकंदांची सरासरी धरतं आणि बारचा मूळ तडाखा मिलिसेकंदाच्या आसपास संपतो. घागरभर पाण्यात चमचाभर मीठ टाकायचं आणि पाण्याची चव सांगायची, तसला प्रकार. मित्राच्या नऊ एमएम पिस्तुलापुढे तर त्याने सरळ 'ओएल' (ओव्हरलोड) दाखवलं, कारण मीटरची धाव १३० डेसिबलपर्यंतच.

मग तिघांनी वर्गणी काढून सेकंडहँड पीक मीटर घेतलं. पाव इंची मायक्रोफोन, सी-पीक मोजणारं, म्हणजे सरासरी न काढता आवाजाचं क्षणिक टोक पकडणारं. त्यावर तीच रायफल १३९ आणि सप्रेसरसकट ११७. दर २० डेसिबलला दाब १० पट होतो, तेव्हा १११ आणि १३९ मधली दरी किती ते बघा. "आकडा चुकू दे, फरक तर कळतो ना" असं रेंजवर बरेच जण म्हणतात. तेही खरं नाही. स्वस्त मीटरवर फरक १८ आला, पीकवर २२. सप्रेसर वायू हळूहळू सोडतो, म्हणजे टोक कापतोच, शिवाय आवाज लांबवतोही. सरासरी काढणाऱ्या मीटरला ते लांबलेलं शेपूट दिसतं, कापलेलं टोक दिसत नाही.

जागेचं तर विचारूच नका. अमेरिकी लष्कराच्या जुन्या १४७४-डी मानकाप्रमाणे नळीच्या तोंडापासून डावीकडे १ मीटर, जमिनीपासून १.६ मीटर उंचीवर मायक्रोफोन ठेवतो. पत्र्याच्या शेडखाली मोजलं की प्रतिध्वनी मिसळतो, म्हणून उघड्या गवतावर. पहिला बार मी वेगळा लिहितो: सप्रेसरमध्ये उरलेल्या हवेतला ऑक्सिजन जळतो आणि तो बार पुढच्यांपेक्षा मोठा येतो. एकदा तोच एक आकडा धरून सप्रेसरला नावं ठेवली होती. आणि गोळी ताशी बाराशे-सव्वाबाराशे किलोमीटरच्या वर, म्हणजे आवाजाच्या वेगापुढे गेली, तर तिचा वाटेतला कडाका कुठलाही सप्रेसर थांबवू शकत नाही. त्यासाठी सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा हळू जाणाऱ्या, गोळ्याच घ्याव्या लागतात.

तक्रारी? पीक मीटर थंडीत बॅटरी भराभर खातं. मीटर तपासायला ठरावीक ११४ डेसिबलचा आवाज देणाऱ्या कॅलिब्रेटरवर एकदा ११३.२ दाखवत होतं, तेव्हा त्या दिवसाची अख्खी वही फाडली. शिवाय शेजारच्या लेनमधल्या काकांचा बार आपल्या 'मॅक्स'मध्ये (मीटरने धरून ठेवलेल्या सर्वात मोठ्या आकड्यात) घुसतो, तेव्हा दुपारी रेंज रिकामी झाल्यावरच जावं.

६० डॉलरवालं आता स्वयंपाकघरात आहे. मिक्सर ८८ निघाला.