मार्कंडा, लोणार की रामटेक? जुनी मंदिरं पायी बघायची तर आधी कुठे जावं

हाताशी दोनच दिवस आहेत, विदर्भातली जुनी मंदिरं निवांत चालत बघायची आहेत आणि तीन नावं कानावर आली आहेत. अशा वेळी बरेच जण जवळचं गाठतात आणि बाकीची राहूनच जातात. तिन्ही जागा एकमेकींपासून लांब आहेत, एका फेरीत उरकायचा हट्ट धरू नका. मार्कंडा गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ, वैनगंगेच्या काठावर. लोणार थेट बुलडाण्यात. रामटेक नागपूरपासून पन्नास किलोमीटरच्या आसपास. बघण्यासारखं काय, तेही तिन्हीकडे निराळं आहे. मार्कंड्याला बाहेरची भिंत बघायची, लोणारला मान वर करून छत, आणि रामटेकला मंदिर बांधण्याची विदर्भातली अगदी सुरुवातीची रीत.

माझं मत आधीच सांगतो. गुडघे साथ देत असतील आणि एकच जागा जमणार असेल, तर मार्कंडा.

त्याचं पहिलं कारण दगड. मार्कंड्याची मंदिरं वालुकाश्माची आहेत. हा दगड छिन्नीला ऐकतो, म्हणून दागिन्याचा मणी, वस्त्राची चुणी, बोटाचं पेर इतकं बारीक काम त्यावर उतरलंय. पण तोच दगड ऊनपावसाने झिजतोही. काही मूर्तींचे चेहरे आज नुसते गोल उरलेत, खालचे पैंजण मात्र शाबूत. लोणारचा काळा दगड आपल्या नातवंडांनाही असाच भेटेल, मार्कंड्याबद्दल ती खात्री मला वाटत नाही.

दुसरं कारण, इथे एक मंदिर नाही, समूह आहे. मृकंडू ऋषींचा मुलगा मार्कंडेय, त्याला न्यायला आलेला यम आणि धावून आलेले महादेव ही कथा आपल्याला ठाऊक असतेच. इथे यमाच्या नावाचंही देऊळ आहे. बांधकाम साधारण आठव्या ते बाराव्या शतकादरम्यानचं मानतात. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमने 1873-74 च्या दौऱ्याच्या अहवालात या मंदिरांची सविस्तर नोंद केली. मुख्य मंदिराचं शिखर वीज पडून सभामंडपावर कोसळलं आणि मग एका गोंड राजाने जाडजूड खांब देऊन ते सावरलं, असं सांगतात. मूळचे कोरीव खांब आणि नंतरचे टेकू यांतला फरक ओळखायला अभ्यासक असावं लागत नाही.

भिंत कशी बघायची, तेवढं सांगतो. आधी लांब उभं राहून जोतं, त्यावरची मधली मूर्तींची भिंत म्हणजे जंघा, आणि वर शिखर असे तीन भाग डोळ्यांत भरून घ्या. मग देवळाला उजवीकडे ठेवून चाला. भिंत सरळ जात नाही, टप्प्याटप्प्याने पुढे येते, मागे जाते. पुढे आलेल्या भागांवर देवदेवता आणि सुरसुंदरी, खाचेत अंग चोरून उभे असलेले व्याल, म्हणजे सिंहासारखे कल्पित प्राणी. सकाळचं तिरपं ऊन या भिंतीवरून घसरतं तेव्हा प्रत्येक मूर्तीची सावली शेजारच्या खाचेत पडते आणि सगळी रांग उठून दिसते. डोक्यावर ऊन आलं की हेच काम सपाट दिसतं. म्हणून मुक्काम गडचिरोलीला किंवा चंद्रपूरला करा आणि अंधारातच निघा. मार्कंड्यात राहण्याची फारशी सोय नाही. नदी इथे उत्तरवाहिनी होते, दर्शनानंतर लोक काठावर बराच वेळ बसतात, तुम्हीही बसा.

मार्कंड्याची एक अडचण मोठी आहे. मुख्य मंदिराचे दगड उतरवून पुन्हा रचण्याचं काम गेली अनेक वर्षं रेंगाळलंय. आज नेमकं काय उघडं आहे, ते निघण्याआधी तिथल्या कुणाला तरी फोन करून विचारा. महाशिवरात्रीच्या जत्रेत दर्शन होईल, शिल्प बघणं होणार नाही. आणि पावसाळ्यात वैनगंगा फुगली की त्या भागातले रस्ते बंद पडतात.

लोणारचं गणित वेगळं. इथे चालणं खऱ्या अर्थाने घडतं. बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेलं विवर, व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, तळाशी खारं पाणी आणि उतारावर नि काठावर विखुरलेली देवळं. गोमुखाच्या धारेपासून उतरायला सुरुवात केली की झाडीत एकेक देऊळ लागत जातं: रामगया, पाण्याजवळची कमळजादेवी, वाघ महादेव. काहींत आज पूजा नाही, नुसत्या वटवाघळांचा वास. उतरणं सोपं आहे, चढताना मात्र दम निघतो. हे अभयारण्य आहे, बिबट्याचा वावर आहे, तेव्हा एकटं फिरू नका आणि परतीची वेळ आधीच ठरवा.

पण लोणारचं खरं धन विवरात नाही, गावात आहे. दैत्यसूदन मंदिर. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं हे देऊळ ताऱ्यासारख्या कोनांच्या आराखड्यावर उभं आहे. शिखर आज दिसत नाही, म्हणून बाहेरून बसकं वाटतं. आत मात्र छतावर विष्णूच्या कथा कोरलेल्या आहेत. इथे नेहमी एक गफलत होते. लोक मोबाइलची बॅटरी सरळ वर धरतात आणि काळ्या दगडाचा काळा डाग बघून बाहेर येतात. उजेड बाजूने, खांबाच्या डोक्याजवळून टाका. मग आकृत्यांचे हातपाय सावलीनिशी वेगळे होतात आणि कथा कुठून सुरू होते ते लागतं. मान अवघडते, त्याला इलाज नाही. जमिनीवर बसून बघा.

मुलं बरोबर असतील तर मी लोणारच निवडेन. विवर, पाणी, मोर, माकडं आणि मधूनच एखादं देऊळ, त्यांना कंटाळा यायला जागाच नाही. नागपूरहून समृद्धी महामार्गाने मेहकरपर्यंत आणि तिथून लोणार. छत्रपती संभाजीनगरकडून येणाऱ्यांनाही हेच सोयीचं. मुक्कामाची सोय गावातच होते.

रामटेक कुणासाठी? आईवडील सोबत असतील, अर्धाच दिवस असेल, तर निःसंकोच तिथे जा. गाडी जवळपास वरपर्यंत जाते. पण रामाचं दर्शन घेऊन लगेच परतू नका. त्याच डोंगरावर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटक या विदर्भातल्या जुन्या राजघराण्याच्या काळातली, पाचव्या शतकातली मंदिरं आहेत आणि बहुतेक लोक त्यांच्यावरून तसेच पुढे जातात. चौकोनी गाभारा, पुढे खांबांचा मंडप, भिंतींवर जवळजवळ काहीच नाही. आत गुडघा उभा करून बसलेला, हातात चक्र धरलेला भव्य नरसिंह. मार्कंड्याची गजबजलेली भिंत बघून आलेल्याला ही साधी भिंत मोकळी वाटेल, पण सलग दगडावर उजेड कसा पडतो ते इथेच कळतं. गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी आणि वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या ऋद्धपूर ताम्रपटात रामगिरीच्या स्वामीच्या चरणांचा उल्लेख आहे, आणि रामगिरी म्हणजे रामटेकचाच डोंगर असं मानतात. म्हणजे या डोंगराची भक्ती किमान दीड हजार वर्षांची.

तिन्हीकडे एक गोष्ट सारखीच: नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून जाऊ नका. देवळात अनवाणी फिरायचं असतं आणि मार्च सरता सरता आपल्याकडे फरशी तळपाय भाजते. आणि लोणार ठरलं तर येताजाता मेहकरला शारंगधर बालाजीच्या देवळात थांबा. 1888 साली जमिनीतून निघालेली ती काळ्या पाषाणाची विष्णुमूर्ती इतकी नितळ आहे, की मार्कंड्याला झिजलेल्या चेहऱ्यांवर काय काय असेल, याचा अंदाज तिथे उभं राहिल्यावर येतो.