उंच हँडलसाठी लांब वायरी पाहिजे असन तर हिंगणघाटच्या केबलवाल्या काकांकडे जा

बुलेटला उंच हँडल टाकलं किंवा टाकायचं डोक्यात आहे त्यांच्यासाठी लिहून राहिलो. हँडल कुठंही मिळते, नागपूरला तर ढिगाने आहेत, पण हँडल वर गेलं की क्लच वायर, पुढच्या ब्रेकची वायर, अ‍ॅक्सिलेटर वायर अन् जुनी कास्ट आयर्न इंजिनवाली गाडी असन तर डीकॉम्प्रेसरची (किक मारायच्या आधी इंजिनातला दाब सोडायची) बारकी वायर, सगळ्या एकदमच तोकड्या पडतात, अन् तिथून पुढचं काम आपल्याकडं नीट करून देणारे फार कमी आहेत. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचे हे काका देतात. दुकान म्हणजे स्टेशनकडच्या भागात एक छोटासा गाळा, पाटीवरची अक्षरं उन्हापावसानं उडून गेली, पण ट्रॅक्टरवाल्या कोणालेही 'केबलवाले काका' म्हणून विचारा, तो सांगते. त्यांचं मुख्य गिऱ्हाईक ट्रॅक्टरवालेच, इंजिन बंद करायची स्टॉप वायर, हातानं ओढायची अ‍ॅक्सिलेटर वायर, पॉवर वीडरच्या (निंदणीच्या छोट्या यंत्राच्या) क्लचची वायर, ऑटोच्या वायरी, हे सगळं ते बनवतात. मोटरसायकलचं काम मधामधात.

माझी गाडी जुनी 350 स्टँडर्ड, उजव्या पायाला गिअर, पुढं ड्रम ब्रेक. माझी उंची बरीच आहे, मूळ हँडलवर वाकून बसावं लागे अन् शेतात जाणारी पांदण तर तुम्हाले माहीतच आहे, पावसाळ्यात काळी माती अन् उन्हाळ्यात गाड्यांच्या चाकोऱ्या, कंबर पार कामातून जाय. म्हणून पाच इंच उंच अन् जरासं मागं वळलेलं हँडल घेतलं. इथं एक गोष्ट लक्षात घ्या, हँडल पाच इंच वर गेलं म्हणजे वायर पाच इंचच वाढवायची असं नसते. हँडल रुंद किती, मागं किती वळलं, वायर टाकीखालून कशी जाते, यावर माप ठरते अन् प्रत्येक वायरीचं वेगळं निघते. माझ्या क्लचची वायर जास्त वाढली, ब्रेकची कमी.

काकांकडं जायच्या आधी बाकीचेही रस्ते पाहिले होते. ऑनलाइन एक 'एक्स्ट्रा लाँग' क्लच वायर मागवली, लांबी बरोबर होती पण लिव्हरमध्ये बसणारा निप्पल, म्हणजे तारेच्या टोकाचा धातूचा गोळा, जाड होता, खाचेत बसलाच नाही. अन् एका गॅरेजवाल्यानं तर जुन्याच ब्रेक वायरले मधात जोड देऊन दिला, दोन तारा एका पितळी कनेक्टरमध्ये घालून स्क्रू आवळला अन् म्हणे चालते बिनधास्त. घरासमोर उभ्या गाडीवर ब्रेक जोरानं दाबला अन् तार त्या स्क्रूतून सरकली. उतारावर असतो अन् समोरून बैलबंडी आली असती तर काय झालं असतं याचा विचार करा. ब्रेकच्या तारेत मधे जोड नको, स्क्रूचा निप्पलही नको. स्क्रूचा निप्पल म्हणजे रस्त्यात क्लच वायर तुटली तर घरी पोहोचण्यापुरता, बस.

काकांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "जुनी वायर आणली का भाऊ? नसन आणली तर आधी ती घेऊन ये, त्याच्याशिवाय मी कापाकापी करत नाही." मी सगळ्या जुन्या वायरी अन् घरून सुतळीनं घेतलेलं माप घेऊन गेलो होतो. सुतळी त्यांनी बाजूले ठेवली, गाडी बाहेर स्टँडवर लावायले सांगितली अन् स्वतः सुतळी धरून हँडल पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं वळवून पाहिलं, प्रत्येक वायर जिथून जाणार तिथूनच सुतळी नेली. मग वर थोडी ढील सोडून खडूनं खूण.

आता जी गोष्ट बाकीचे करत नाहीत ती सांगतो. केबलचे दोन भाग, बाहेरचं आउटर अन् आतली तार. आउटर जितकं वाढवलं तितकीच तार वाढली पाहिजे, एका सुताचाही फरक नको. काका जुनी वायर व्हाइसमध्ये धरतात, एका बाजूनं तार पूर्ण ओढून घेतात अन् दुसऱ्या बाजूले आउटरच्या बाहेर किती तार उरली ते मोजून भिंतीवर लिहून ठेवतात. तेच माप नव्या वायरीत आलं पाहिजे. कमी आलं तर क्लच कायम थोडा दाबलेला राहते, प्लेटा घसरतात अन् जळतात, ब्रेक चिकटून चालते. जास्त आलं तर अ‍ॅडजस्टर (वायरीची ढील कमीजास्त करायचा स्क्रू) पूर्ण बाहेर काढला तरी लिव्हर हँडलले टेकते अन् क्लच सुटत नाही. लोक म्हणतात अ‍ॅडजस्टरवर निघून जाईन, पण अ‍ॅडजस्टर हा तार ताणल्यावर अन् ब्रेकचे लायनर झिजल्यावर कामी यावा म्हणून असते, पहिल्याच दिवशी संपवला तर पुढं काय करणार?

आउटर कापलं की आतल्या स्पायरल तारेचं टोक थोडं वाकते अन् धारदार होते. काका ते ग्राइंडरवर सपाट करतात अन् मग एक टोकदार सळई आत फिरवून भोक साफ करतात. मी विचारलं एवढं काहून, तर म्हणे, "हेच टोक तारेले रोज कापते, मग गिऱ्हाईक म्हणते वायर टिकली नाही." मग टोपी बसवून दाबतात.

निप्पलचं काम तर मी त्यांच्या बाजूले स्टूल घेऊनच पाहिलं. तार पितळी निप्पलमधून बाहेर काढली, टोकाचे धागे पंचनं ठोकून फुलासारखे उघडले, मग तार मागं ओढली तर ते फूल निप्पलच्या खोलगट तोंडात जाऊन बसलं. त्यावर फ्लक्स लावला अन् स्टोव्हवर एका लोखंडी वाटीत वितळलेल्या सोल्डरमध्ये निप्पल बुडवला. तो आपसूक थंड होऊ दिला, घाईनं पाण्यात टाकला नाही. मग कानस मारून गोल केला, लिव्हरच्या खाचेत फिरते का ते पाहिलं, व्हाइसमध्ये धरून हिसका देऊन पाहिला. म्हणजे तार नुसती सोल्डरनं चिकटलेली नसते, उघडलेले धागे निप्पलमध्ये अडकून राहतात अन् सोल्डर त्याले भरून काढते. काही वेल्डिंगवाले इथं पितळ वितळवून ब्रेझिंग करून देतात, दिसायले मजबूत वाटते, पण तेवढ्या उष्णतेनं तारेचा ताव जातो अन् निप्पलच्या मागंच धागा धागा तुटत येते. काकांकडं असं काम घेऊन येणारे पुष्कळ आहेत, ते सगळं कापून नव्यानं करतात.

अ‍ॅक्सिलेटरची तार बारीक अन् लवचिक, क्लच अन् ब्रेकची जाड, हे ते न सांगताच बरोबर घेतात. पण आउटर मात्र तुम्ही सांगून घ्या. त्यांच्याकडं साधं आउटर आहे अन् आत नायलॉनची नळी असलेलंही आहे, काही सांगितलं नाही तर साधं लावून देतात कारण ट्रॅक्टरवाल्यांचं त्यात भागते. लांब वायरीत घर्षण जास्त, म्हणून नायलॉनवालंच घ्या, पैसे थोडे जास्त लागतात. मी क्लचले अन् अ‍ॅक्सिलेटरले नायलॉनवालं घेतलं. डीकॉम्प्रेसरची वायर साध्या आउटरमध्येच केली, ती दिवसातून एखाद्या वेळेस वापरली जाते, तिथं खर्च कशाले. मीटरची केबल बदलायची गरज नाही पडली, बुलेटचा मीटर हेडलाइटच्या डोक्यातच असते, हँडलसोबत वर जात नाही. हॉर्न अन् डिपरच्या वायरी मात्र वाढवाव्या लागल्या, ते काम काका करत नाहीत, इलेक्ट्रिशियनकडून सोल्डर करून स्लीव्ह चढवून घ्या, नुसती टेप गुंडाळू नका.

बसवल्यावर गाडी स्टार्ट करून न्यूट्रलमध्ये हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून पाहायले त्यांनी लावलं. रेस थोडीही वाढली तर वायर कुठंतरी ताणून राहिली असं समजा. माझी डावीकडं वळवताना जराशी वाढत होती, त्यांनी वायर टाकीखालून काढून दुसऱ्या बाजूनं नेली अन् ते गेलं. वायरीले झिप टाय मारायचा तर सैल, अन् सायलेन्सर पाइपच्या जवळून न्यायची नाही.

एक पावसाळा अन् एक उन्हाळा गाडी अशीच चालून राहिली. क्लच मूळच्यापेक्षा किंचित जड आहे, लिव्हर दाबताना शेवटी जरा दबल्यासारखं वाटते, आउटर लांब असलं की तेवढं दबणारच. ब्रेक पक्का आहे. कपाशीच्या दिवसांत पांदणीची धूळ आत जाते म्हणून टोकांचे रबरी बूट मी बदलून घेतले, ते काकांकडं नव्हते, स्पेअर पार्टवाल्याकडून आणले. सगळ्या वायरी मिळून हजाराच्या आत काम झालं.

आता जे आवडलं नाही ते. भाव आधी सांगत नाहीत, "होऊन जाऊ दे मग पाहू" असं म्हणतात, शेवटी वाजवीच घेतात पण पहिल्यांदा जाणाऱ्याले धाकधूक राहते. पेरणीच्या अन् डवरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर अन् वीडरवाले रांगेत असतात, तेव्हा मोटरसायकलवाल्याले दिवसभर बसवून ठेवतात, फोनवर ऑर्डर घेत नाहीत. तशा दिवसांत त्यांनी एकदा एका पोराची वायर घाईत करून दिली, सोल्डर नीट भरलंच नव्हतं, पोरगं परत आलं तेव्हा एक शब्द न बोलता फुकट नवीन करून दिली हेही मी पाहिलं. तरी घाईच्या दिवसांत जाऊ नका. दिवाळीनंतर किंवा उन्हाळ्यात सकाळी लवकर गेले तर ते निवांत बसून काम करतात, अन् मे महिन्यात दुपारी गाळा भट्टीसारखा तापते म्हणून तेव्हा शटर खालीच असते.

हँडल अव्वाच्या सव्वा उंच घेऊ नका हेही सांगून ठेवतो. हात खांद्याच्या वर गेले तर खराब रस्त्यावर गाडी सावरत नाही. अन् मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, सुप्रीम कोर्टाचा जानेवारी 2019 चा निकाल आहे, आरसीवरची माहिती कंपनीनं मूळ दिलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल चालत नाही. एमएच 32 वाल्यांनी वर्ध्याले आरटीओत विचारून मगच हँडलले हात लावा.

डिस्क ब्रेकवाल्यांनी पुढच्या ब्रेकसाठी काकांकडं जाऊ नये, त्यात तार नसते, ऑइलचा पाइप असते, त्याले लांब पाइपच टाकावा लागते, दोन्ही टोकं मशीनवर क्रिम्प केलेला (दाबून बसवलेला), अन् मग ब्लीडिंग, म्हणजे पाइपातली हवा काढणं. एबीएसवाली गाडी असन तर ते सर्विस सेंटरले दाखवा. क्लच अन् अ‍ॅक्सिलेटरची वायर मात्र त्या गाड्यांचीही काका करून देतात, एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 इंजेक्शनवाल्या स्प्लेंडरची अ‍ॅक्सिलेटर वायरही मी त्यांच्या टेबलावर पाहिली. जाताना जुनी वायर, लिव्हर अन् शक्य असन तर नवीन हँडल बसवलेली गाडीच घेऊन जा, नुसतं माप सांगून काम होत नाही.