पहिल्या पुस्तकाच्या पाचशे प्रती

मी एसटीत वाहक आहे. तासगाव–सांगली मार्गावर माझी अकरा वर्षं गेली. सकाळपाळी असली की साडेचारला उठायचं, डबे करायचे आणि सहाच्या आत आगारात जाऊन तिकिटाचं मशीन नि वे-बिल घ्यायचं. दुपारी कॅश भरून घरी आलं की मुलं शाळेतून येईपर्यंत दीड तास माझा. त्या दीड तासात सहा वर्षं लिहून माझ्या बारा कथा झाल्या. त्यातल्या तीन दिवाळी अंकांत आल्या. बाकीच्या वहीतच होत्या.

मी कथा लिहिते हे घरच्यांशिवाय फारसं कुणाला माहीत नव्हतं. संक्रांतीला औदुंबरला साहित्य संमेलन भरतं, तिथं मी सुट्टी टाकून जायचे आणि मागच्या रांगेत बसून ऐकायचे. कृष्णेच्या काठावर, दत्ताच्या देवळापासून जवळ, उन्हात बसून माणसं कविता ऐकतात, तिळगूळ देतात, एकमेकांना पुस्तकं देतात. आपलंही एक पुस्तक असावं, कुणीतरी "लेखिका" म्हणून हाक मारावी, असं तिथं बसल्यावर फार वाटायचं. माझ्या मनातली ही इच्छा, पुस्तक काढून देतो म्हणून मला फसवणाऱ्या माणसांनी बरोबर ओळखली. हे मी आधीच सांगते, कारण पुढचं वाचताना कुणालाही वाटेल की एवढं साधं हिला कसं कळलं नाही.

नवोदित लेखकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर हस्तलिखितं मागवल्याची जाहिरात आली. मी सगळ्या कथा टाइप करून पाठवल्या. चौथ्या दिवशी पत्र आलं, "अभिनंदन! आपले हस्तलिखीत निवड समितीने एकमताने निवडले आहे." पाठोपाठ फोन आला. "ताई, तुमच्या कथा वाचून समितीतल्या सरांच्या डोळ्यांत पाणी आलं."

मी विचारलं, "कुठली कथा आवडली सरांना?"

"सगळ्याच, ताई. एकापेक्षा एक."

खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. माझी पहिली कथा घेताना एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन केला होता. ते म्हणाले होते, "तुमची म्हातारी पान दोनवर कवलापूरला उतरते आणि पान पाचवर बुधगावला. नक्की कुठं उतरते?" ज्यानं कथा वाचलेली असते तो असा प्रश्न विचारतो. या लोकांनी सगळ्या व्यवहारात मला कथेबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, एक ओळही बदलायला सांगितली नाही. मला मात्र त्याचा अभिमानच वाटला, की आपलं लिखाण इतकं पक्कं आहे.

योजनेचं नाव होतं "सहभागी प्रकाशन". लेखकानं 45 हजार द्यायचे, प्रकाशक 500 प्रती छापणार, 50 प्रती लेखकाला, बाकीच्या महाराष्ट्रभर दुकानांत आणि वाचनालयांत जाणार, विक्रीवर वीस टक्के मानधन. आठ दिवसांत पहिला हप्ता भरला नाही तर जागा दुसऱ्याला जाईल, असंही सांगितलं. यांना विचारलं तर म्हणाले, "घाल पैसे, आयुष्यात एकदाच होतंय." पतपेढीचं कर्ज काढलं. आमच्या आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, पेन्शनमधले पाच हजार आपणहून हातावर ठेवले.

मग एकेक खर्च निघत गेला. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळखीचा जो क्रमांक असतो, त्याची "सरकारी फी" 4,500. कॉपीराइट नोंदणी 6,000. मुद्रितशोधन 7,500. पैसे भरायला उशीर केला की "तुमच्यामुळं इतर आठ लेखकांची पुस्तकं अडलीत" असा निरोप यायचा. आपल्यामुळं कुणाचं अडू नये, हे तर आम्हाला नोकरीतच शिकवलेलं असतं.

पुस्तक आलं त्या दिवशी माझी दुपारपाळी होती. पार्सल आगारातच उघडलं. मुखपृष्ठावर माझं नाव बघून आमच्या वाहतूक नियंत्रकांनी पेढे मागवले. रात्री घरी येऊन वाचायला बसले. माझ्या शीर्षककथेत वाहक बाई शेवटच्या फेरीला डबल बेल देते, त्या बेलवर सगळी कथा उभी आहे. पुस्तकात सात ठिकाणी "डबल बेड" छापलं होतं. मी प्रूफात त्या सातही जागी लाल शाईनं गोल करून, फोटो काढून पाठवले होते. ते फोटो कुणी उघडूनही बघितले नव्हते. त्या रात्री मी फार रडले, पण कुणाला काही बोलले नाही.

नंतर पुरस्काराचं पत्र आलं. राज्यस्तरीय पुरस्कार, नोंदणी शुल्क 3,000. पुण्यातल्या एका सभागृहात सत्तरच्या वर माणसांना एकापाठोपाठ एक फ्रेम आणि शाल दिली. फोटो निघाला की लगेच पुढचं नाव. माझ्या शेजारी सोलापूरकडची एक अंगणवाडी सेविका बसली होती. तिनं कानातलं मोडून पैसे भरले होते. दोघीही खुश होतो. आज तिची फार आठवण येते.

एकूण 66 हजार गेले.

उलगडा झाला तो एका साध्या गोष्टीवरून. माझ्या गाडीनं रोज जाणाऱ्या एका शिक्षिकेला पुस्तक विकत हवं होतं. सांगलीतल्या दोन दुकानांत ते नव्हतं. प्रकाशकांना विचारलं तर म्हणाले, आवृत्ती संपत आली. मग मानधनाचं विचारलं. म्हणाले, वितरकाचा हिशेब यायचाय. चार महिने हिशेब यायचाच राहिला आणि मग फोन उचलणं बंद झालं.

आमच्या कामात संध्याकाळी मशीनमधली तिकिटं आणि पिशवीतली रोकड रुपयाला रुपया जुळावी लागते. पाच रुपये कमी पडले तर आपल्या खिशातले घालायचे. त्यामुळं साडेचारशे प्रतींचा हिशेब नाही, ही गोष्ट मला झोपू देईना. पुस्तकाच्या आतल्या पानावर मुद्रक म्हणून एका छापखान्याचं नाव होतं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तिथं गेले. मालक भला माणूस होता. त्यानं वही काढून दाखवली. 144 पानं, डेमी आकार, म्हणजे सोळा-सोळा पानांचे नऊ फर्मे, डिजिटल छपाई, प्रती 60. बिल साडेसहा हजार. मला वाटलं वाचण्यात चूक होतेय, म्हणून तो आकडा दोनदा वाचला. साठच. हल्ली मशीनवर पन्नास-साठ प्रतीही निघतात. लेखकाला खोकं मिळालं की तो समाधानी राहतो, आणि बाकीच्या प्रती कुठल्या गोदामात आहेत हे बघायला कुणी जात नाही.

मग आयएसबीएन तपासला. हे कुणालाही करता येतं, म्हणून नीट सांगते. तेरा आकडे असतात. पहिल्याला 1 नं गुणायचं, दुसऱ्याला 3 नं, तिसऱ्याला 1 नं, चौथ्याला 3 नं, असं शेवटपर्यंत जायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. बेरजेला दहानं पूर्ण भाग गेला पाहिजे. माझ्या पुस्तकाची बेरीज 127 आली. तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी ती तीनदा केली. म्हणजे पुस्तकावर छापलेला तो क्रमांक खरा आयएसबीएन नव्हता. बेरीज जुळली तरी क्रमांक खराच असेल असं नाही, तो दुसऱ्याच पुस्तकाचा असू शकतो. पण जुळली नाही तर तो खोटा नाहीतर चुकीचा छापलेला आहे, हे नक्की.

आणि ज्याचे मी साडेचार हजार दिले, तो क्रमांक भारतात फुकट मिळतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखालची राजा राममोहन राय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था तो देते. लेखकालाही स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो. कॉपीराइटचंही तसंच. आपण लिहिलं की हक्क आपलाच होतो, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. करायची म्हटली तर साहित्यकृतीची सरकारी फी 500 रुपये आहे. माझ्या नावानं तसा अर्जच गेलेला नव्हता.

करारपत्र मी न वाचता सही केलं होतं. त्यात एक ओळ होती, "सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील." औदुंबरला ओळख झालेल्या एका निवृत्त शिक्षकांनी मला 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 समजावून सांगितलं. हक्क द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. कोणता हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी, मानधन किती, हे त्यात यायला हवं. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतो. म्हणजे त्या एका ओळीनं माझ्या कथा जन्मभर अडकल्या नव्हत्या. हे कळलं त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मी वही पुन्हा उघडली.

पैशांपेक्षा मोठं नुकसान मला नंतर कळलं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं. हस्तलिखित तज्ज्ञ वाचतात, वेळ लागतो, पण कुणी तरी ते खरंच वाचतं. राज्य सरकारच्या वाङ्मय पुरस्कारांतही प्रथम प्रकाशनाचे वेगळे पुरस्कार असतात. पहिलं पुस्तक एकदाच असतं, आणि माझं ते "डबल बेड" छापून, साठ प्रतींत संपलं. हे कुठलाही ग्राहक आयोग मला परत देऊ शकत नाही.

पदरचे पैसे घालून पुस्तक काढणं वाईट नाही. आपल्याकडं कितीतरी कवींनी पहिला संग्रह असाच काढलाय, आणि तशी पुस्तकं प्रामाणिकपणे काढून देणारे छापखानेही आहेत. पण ते तसं तोंडावर सांगतात, कागद किती जीएसएमचा, म्हणजे किती जाड, फर्मे किती, बांधणी कशी ते लिहून देतात आणि सगळ्या प्रती तुमच्या दारात आणून टाकतात. प्रती "आमच्या गोदामात" राहणार असतील तर छपाईचं बिल मागा, छापखान्याचा पत्ता मागा, आणि जाऊन या. त्यांनी आधी पुस्तकं काढलेल्या दोन-तीन लेखकांना स्वतः शोधून फोन करा. त्यांनी दिलेल्या नंबरावर नको.

मी आता जिल्हा ग्राहक आयोगाकडं गेले आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. समोरचे म्हणतात, लेखिकेनं धंद्यासाठी गुंतवणूक केली, ती ग्राहक नाही. निकाल यायचाय. माझ्याजवळ सगळ्या पावत्या, मेसेज, प्रूफाचे फोटो होते म्हणून निदान बोलता तरी आलं. ज्यांचे पैसे नुकतेच ऑनलाइन गेलेत त्यांनी मात्र आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करावा. तिथं जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. मी अकरा महिने गप्प बसले. आगारात पेढे वाटले होते ना, आता कुठल्या तोंडानं सांगायचं, असं वाटायचं.

गेल्या महिन्यात सकाळच्या फेरीला बुधगावच्या कॉलेजला जाणारा एक मुलगा पुढच्या दारापाशी उभा होता. मला ओळखतो, कविता करतो. लाजत लाजत त्यानं मोबाइल पुढं केला. "ताई, बघा ना, निवड झाली." नाव वेगळ्या प्रकाशनाचं होतं. खाली तीच ओळ होती, "आपले हस्तलिखीत निवड समितीने एकमताने निवडले आहे." "हस्तलिखीत" मधली ती दीर्घ ईसुद्धा तशीच. शनिवारपर्यंत पैसे भरायचे होते.

गाडीत गर्दी होती. मी त्याला एवढंच म्हटलं, "आज पैसे पाठवू नकोस. दोनला आगारात ये." तो आला. मी त्याला माझं पुस्तक, करारपत्र आणि तिकिटामागची ती बेरीज दाखवली. तासभर तो एकेक कागद उलटून बघत होता. जाताना म्हणाला, "आमच्या ग्रुपमधल्या आणखी चौघांना हेच पत्र आलंय." त्यातल्या दोघांनी पहिला हप्ता भरला होता.

त्या पत्राची, करारपत्राची आणि पावत्यांची झेरॉक्स मी नावं झाकून काढून ठेवली आहे. तुमच्याकडं आलेलं पत्र ताडून बघायचं असेल तर मागा, मी पाठवते.