टो-हुक की चॅसीचा रिकव्हरी पॉइंट: दोर कुठे अडकवावा?

पावसाळ्यात मावळातल्या कच्च्या वाटेवर गाडी ॲक्सलपर्यंत रुतली, की मदतीला आलेला माणूस बंपरखाली वाकतो आणि हाताला लागेल त्या कडीत दोर अडकवतो. जिवाला धोका तिथेच असतो.

बंपरवरचं झाकण काढून आट्यांवर फिरवून बसवायचा टो-हुक बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर सरळ, हळू ओढण्यासाठी असतो. तेवढ्यापुरता तो उत्तम. पण चिखल चाकं धरून ठेवतो. गाडी सोडवायला तिच्या वजनाहून जास्त ओढ लागू शकते. त्यात ओढ तिरकी पडली की हुकाचा दांडा वाकतो, झटक्याने तुटतो, आणि ताणलेल्या दोरासोबत तो लोखंडी तुकडा पुढच्या गाडीची काच फोडून आत घुसू शकतो. टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या लोखंडी गोळ्याला, तर दोर लावूच नये. ऑस्ट्रेलियात तुटून उडालेल्या टो-बॉलने माणसं दगावली आहेत.

चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टने जोडलेला, भारक्षमता ठरवून दिलेला रिकव्हरी पॉइंट (रुतलेली गाडी ओढायची जागा) महाग पडतो, आणि मोनोकॉक, म्हणजे वेगळी चॅसी नसलेल्या, गाड्यांना सहसा मिळतही नाही. तरी चिखलासाठी मी दुसरं काही सुचवणार नाही. घेताना ब्रॅकेट चॅसीलाच बसतं ना, बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा मजबुतीचा दर्जा कोरलंय ना, हे वाकून बघा. १९ मिमीच्या चांगल्या बो शॅकलवर (दोर अडकवायच्या पिनवाल्या कडीवर) ४.७५ टन असा भारक्षमतेचा आकडा असतो. आकडा नसलेली शॅकल घेऊ नका.

मोनोकॉकवाल्यांनी आधी फावडं चालवावं, टायरची हवा कमी करावी, मग हळूच ओढावं. बघ्यांना मात्र दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा.