‘मशीन घ्या, काम आम्ही देतो’ : ओव्हरलॉकच्या नावाने होणारी फसवणूक

‘मशीन आमच्याकडून घ्या, कापलेला माल घरपोच देऊ, शिवून झाला की आम्हीच उचलू.’ घरी ड्रेस-ब्लाउज शिवणाऱ्या बाईला किंवा बचत गटाला ही बोली गोड लागते, कारण गिऱ्हाईक शोधायची कटकटच उरत नाही. पुढचा क्रमही बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. मशीन येतं, पहिला लॉट पास होतो, पैसेही मिळतात. दुसऱ्या लॉटमधले निम्मे पीस रिजेक्ट होतात. तिसरा लॉट येतच नाही. डिपॉझिट ‘कापडाच्या नुकसानीपोटी’ वळतं झालेलं असतं आणि फोन कोणी उचलत नाही. शिवणारी मात्र आपलाच हात कच्चा म्हणून गप्प बसते. असं मशीन दुरुस्तीच्या टेबलावर उघडलं की कळतं, त्याच्यावर तो माल पास होणं शक्यच नव्हतं.

गोंधळ नावापासून सुरू होतो. आपल्याकडे कापडाची कड कापून तिच्यावर दोरा गुंफणाऱ्या ओव्हरलॉक मशीनला टेलरिंगच्या दुकानात सर्रास ‘इंटरलॉक’ म्हणतात. गारमेंट कारखान्यात इंटरलॉक म्हणजे फ्लॅटलॉकच्या जातीचं, टी-शर्टच्या घेराला वरून समांतर टाके आणि आतून जाळी घालणारं वेगळंच मशीन. कोटेशनवर ‘इंटरलॉक मशीन, १ नग’ एवढंच लिहिलं असेल तर विकणारा काहीही पाठवू शकतो आणि कागदावर तोच खरा ठरतो. ‘७४७’ या आकड्याचंही तसंच. ७३७, ७४७, ७५७ हे आकडे तैवानच्या सिरुबा कंपनीच्या मालिकेतले. तीन, चार आणि पाच दोऱ्यांचं मशीन असा त्यांचा अर्थ. आता कितीतरी चिनी मशीनांवर हेच आकडे असतात. त्यावरून दोरे किती ते कळतं, मशीन कोणी बनवलं ते कळत नाही. म्हणून कोटेशनवर कंपनी, पूर्ण मॉडेल, सुया आणि दोरे किती, मोटर कोणती, मशीन नवं की वापरलेलं, हे सगळं मागा. सिरियल नंबर बिलावर घ्या आणि मशीनवरच्या पट्टीशी ताडून पाहा. पट्टीच्या जागी नुसता स्टिकर असेल तर तिथेच थांबा.

किती दोऱ्यांचं मशीन हवं, ते कापडावर ठरतं. तीन दोऱ्यांचा टाका कडेच्या फिनिशिंगसाठी. सुती ड्रेसची शिलाई साध्या मशीनने मारायची आणि कड याने बांधायची. टी-शर्ट, ट्रॅक पँट अशा होजिअरी मालाला दोन सुयांचं, चार दोऱ्यांचं मशीन लागतं; तीच त्याची शिलाई आणि तीच कड. पाच दोऱ्यांचं मशीन शर्ट, कुर्ती, पायजमा अशा न ताणणाऱ्या विणीच्या कापडासाठी. त्यात साखळी टाका वेगळा आणि कडेचा टाका वेगळा पडतो. जुनं पाच दोऱ्यांचं मशीन पडून असलं की ते टी-शर्टवाल्याच्या गळ्यात मारतात आणि सांगतात, ‘एक दोरा जास्त म्हणजे शिलाई तेवढी मजबूत.’ खांद्याला आणि बाहीला कापड ताणलं जातं तेव्हा तो साखळी टाका चार दोऱ्यांच्या टाक्याइतका सोबत ताणत नाही, तटकन तुटतो. शिवाय दोरा जास्त खातो. सेंटीमीटरला सात टाके धरले तर एक मीटर शिलाईला तीन दोऱ्यांच्या टाक्यात साधारण १४ मीटर आणि पाच दोऱ्यांच्या टाक्यात २० मीटर दोरा जातो. हा हिशेब पुढे पुन्हा लागणार आहे.

आता डेमो. विकणारा सोबत पॉपलीनचे दोन तुकडे आणि रंगीत दोऱ्याचे नवे कोन आणतो, मशीन हळू चालवतो आणि रेघेसारखी शिलाई काढून दाखवतो. पॉपलीन घट्ट विणीचं असतं, सुई वर येताना ते जागच्या जागी राहतं. त्यामुळे सुईच्या मागे दोऱ्याचा फास नीट उघडतो आणि झिजलेलं लूपरही (सुईचा दोरा पकडणारा आकडा) तो फास पकडतं. टी-शर्टचं ताणणारं कापड, म्हणजे सिंगल जर्सी, सुईबरोबर वर उचललं जातं, फास बारीक राहतो, आणि लूपरचं टोक जरा बोथट असेल किंवा सुईपासून किंचित लांब असेल तर टाका सुटतो. सगळ्यात आधी सुटतो तो खांद्याची शिलाई बाहीच्या शिलाईला भेटते तिथे, म्हणजे चार पदरांवर. पॉपलीनवरचा डेमो बघून मशीन पास करणं म्हणजे डांबरी रस्त्यावर बैल पळवून नांगराची परीक्षा घेणं.

तेव्हा चाचणी आपल्या कापडावर करा. जॉबवर्कमध्ये जे कापड येणार असेल त्याचेच, समजा १८० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) जर्सीचे, दोन-तीन किलो कटपीस घेऊन बसा. सुई मशीनच्या पुस्तकात दिलेल्या सिस्टिमची, ९ किंवा ११ नंबरची, गोल टोकाची हवी. टोकदार सुईने जर्सीचे फंदे तुटतात आणि धुतल्यावर शिलाईलगत भोकं पडतात. रिजेक्शनच्या कागदावर तेही ‘कारागिराची चूक’ म्हणून येतं. दोन पदर शिवा, मग आडवी शिलाई ओलांडून चार पदर, परत दोन. हळू नाही, रोजच्या वेगाने. शिवलेली पट्टी हातात धरून ताणा: दोरा तुटतोय का, मधे शिडीसारखी फट दिसतेय का, ते बघा. पट्टी टेबलावर सपाट ठेवा. ती लाटांसारखी झाली तर डिफरन्शियल फीडचा खटका सरकवा. पुढचे आणि मागचे दाते वेगवेगळ्या गतीने कापड ओढतात म्हणून जर्सी लोंबत नाही. बहुतेक मशीनमध्ये हे प्रमाण १:०.७ पासून १:२ पर्यंत बदलता येतं. खटका सरकवूनही लाट तशीच राहिली तर आतला दांडा जाम आहे किंवा दाते झिजले आहेत. हे सेटिंगने सुटत नाही, पार्ट बदलावे लागतात.

ही चाचणी निदान तासभर चालवा. दहा मिनिटांत जी गोष्ट दिसत नाही ती तासाने दिसते: सुईच्या दांड्याचं सील गेलेलं असेल तर मशीन तापल्यावर तेल खाली उतरतं आणि कापडावर पिवळट ठिपका पडतो. पांढऱ्या युनिफॉर्मच्या टी-शर्टवर असा एक ठिपका म्हणजे एक पीस गेला. प्रेशर फूटखाली पांढरा कागद ठेवून शेवटची पाच मिनिटं मशीन नुसतं चालवा. डाग पडला तर व्यवहार तिथेच मोडा.

कारखान्यांतून काढलेली मशीनं ठोक भावात उचलून, रंग मारून विकणं हा रीतसर धंदा आहे आणि त्यात काही वाईट नाही. चांगलं ठेवलेलं जुनं मशीन स्वस्तातल्या नव्यापेक्षा बरं, असंच आमचं मत आहे. फसवणूक होते ती त्याला ‘नवं’ म्हणून नव्याची किंमत लावली की. रंगाने झाकता येत नाही ते बघायचं असेल तर वीज बंद करून पुढचं झाकण उघडा. सुईचा दांडा बोटांनी धरून वर-खाली, मग डावी-उजवीकडे हलवा. हाताला खटखट जाणवता कामा नये. लूपरही तसंच धरून बघा. लूपरच्या टोकावरून नख फिरवा, खरखर लागली तर त्यावर दोरा तुटणार. सुईपट्टीवर टाका जिच्याभोवती गुंफला जातो ती जीभ वाकलेली असेल तर कड गुंडाळते किंवा कापडाबाहेरची साखळी तुटते. वरचा चाकू सगळ्यात खाली आला की त्याने खालच्या चाकूच्या धारेखाली अर्धा ते एक मिलिमीटर जायला हवं.

तेलाची युक्ती मात्र भल्याभल्यांना चकवते. या मशीनना पातळ पांढरं तेल लागतं. विकणारा जाड तेल ओततो. दांड्यांमधला ढिलेपणा त्या जाडीने भरतो आणि आवाज दबतो. मशीन चालू असताना वरच्या काचेत तेलाचे शिंतोडे उडताना दिसायला हवेत. जाड तेल पंपाला उचलत नाही, काच कोरडी राहते आणि काही दिवसांत शाफ्ट तापून पकडतो. थोडं तेल वाटीत काढून बघा. करड्या रंगाचं, चमकणाऱ्या कणांचं निघालं तर आत धातू झिजतोय.

मोटरवर ‘सर्व्हो’ लिहिलेलं असतं आणि टेबलाखाली रिवाइंड केलेली जुनी क्लच मोटर असते. ओळखायचं असेल तर पेडलवरून पाय काढून कान द्या. क्लच मोटर स्विच चालू असेपर्यंत गुणगुणत फिरत राहते आणि वीज खात राहते. सर्व्हो गप्प बसते.

समजा मशीन खरंच चांगलं निघालं. तरीही एकट्या ओव्हरलॉकवर टी-शर्ट पुरा होत नाही. खांदा, बाही, बगल इतकं ते करतं. घेर आणि बाहीची मुडप फ्लॅटलॉकवर, गळ्याची पट्टी नि लेबल साध्या मशीनवर. ‘एका मशीनवर दिवसाला इतके टी-शर्ट’ असं सांगणारा ही गोष्ट पैसे भरून झाल्यावर सांगतो आणि मग फ्लॅटलॉकचं कोटेशन पुढे करतो. अडकलेली माणसं पहिले पैसे वाचवायला दुसरे घालतात, आणि खरी मोठी रक्कम बहुधा इथेच जाते.

करारात ‘गुणवत्ता कंपनीच्या मानकाप्रमाणे’ असं कलम असतं आणि मानक कुठेच लिहिलेलं नसतं. त्याऐवजी लिहून घ्या: चार दोऱ्यांचा टाका, इंचाला १२ टाके, शिलाईची रुंदी किती मिलिमीटर, तपासणी कुठे आणि कोणासमोर, माल उचलल्यापासून किती दिवसांत. दोघांच्या सहीचा एक नमुना पीस पिशवीत सील करून आपल्याकडे ठेवा. यालाच नकार मिळाला तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. दोरा कंपनी देत असेल तर वजन करून घ्या. ४०/२ जाडीचा ५,००० मीटर दोरा, आतला कोन वजा जाता, १४८ ग्रॅमच्या आसपास भरतो. मोठ्या माणसाच्या टी-शर्टात सुमारे तीन मीटर ओव्हरलॉक शिलाई असते. दोऱ्याचा कोटा तीन दोऱ्यांच्या टाक्याने, म्हणजे पीसला ४२ मीटर, आणि हातात मशीन चार किंवा पाच दोऱ्यांचं, अशी गोम असते. मग ‘दोरा कमी आला’ म्हणून दर लॉटमागे कपात होते.

फसवणूक झालीच असेल तर मशीन परत देऊ नका, त्याचे पार्ट काढू किंवा बदलूही नका. आधी पट्टीचे, सिरियल नंबरचे आणि आतल्या भागांचे फोटो काढा. दुसऱ्या मेकॅनिककडून तारखेसह लेखी घ्या. कंपनीला व्हॉट्सअॅपवर नाही, स्पीड पोस्टाने नोटीस द्या. ‘धंद्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसत नाही’ असं समोरून ऐकवलं जाईल, पण ते अर्धवट खरं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त धरत नाहीत. तक्रारीत ‘मी स्वतः शिवते, यावरच माझा चरितार्थ चालतो’ हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात हवं. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा, त्यात तास मोजले जातात. पोलिसांत भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लागतं. अर्जासोबत करार, बिल आणि बँकेचा उतारा जोडा.

आणि रिजेक्ट म्हणून परत आलेले पीस टाकून देऊ नका, उसवूही नका. प्रत्येक लॉटमधले पाच-सहा, त्यांच्या बंडलच्या चिठ्ठीसकट, बाजूला ठेवा. कित्येकदा त्यात पुढचा आणि मागचा भाग मुळातच लांबीला कमीजास्त कापलेला सापडतो. ती चूक कटिंग टेबलावरची असते आणि चिठ्ठीवर कंपनीचा लॉट नंबर असतो.